हंगामाची अखेर आणि प्लास्टरचा मासा : सॅमनच्या साहित्यातील विनोद व स्मरणरंजन

स्कॉटलंडमधील टे नदीवर सॅमन माशाच्या शिकारीचा हंगाम १५ जानेवारीला सुरू होतो आणि १५ ऑक्टोबरला संपतो. आरंभाच्या दिवशी केनमोर या गावी बॅगपाइपच्या सुरांत मिरवणूक निघते, नावेवर व्हिस्की ओतली जाते आणि समारंभपूर्वक पहिला गळ पाण्यात पडतो. अखेरच्या सायंकाळी असे काहीच घडत नाही. काठीचे तुकडे सुटे करून पिशवीत घातले जातात, नाव काठावर ओढली जाते, नोंदवहीत शेवटची ओळ लिहिली जाते. आपल्याकडील कोळी समाजातही पावसाळ्यातील बंदीनंतर दर्या खुला होण्याचा सण आहे. नारळ अर्पण होतो तो नारळी पौर्णिमेला. दर्या बंद होण्याचा सण नाही. आरंभाचे विधी समाज हौसेने करतो, अखेरीकडे मात्र पाठ फिरवतो. विधीने मोकळी सोडलेली ही जागा इंग्रजीतील गळाच्या साहित्याने साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ व्यापली आहे. थट्टा आणि जुनी गाणी ही त्या साहित्याची दोन ठरलेली साधने. ती निरुपद्रवी मानली गेल्याने त्यांच्याकडे समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. पण ज्या गृहीतावर ही थट्टा आणि हे स्मरणरंजन उभे आहे, ते गृहीतच आता डळमळीत झाले असल्यामुळे या साहित्याचे वाचन नव्याने करणे अगत्याचे ठरते.

प्रथम संज्ञांविषयी. मराठीत 'मासेमारी' हा शब्द उपजीविकेचा आहे. काठी, दोर आणि गळ घेऊन हौसेखातर नदीकाठी उभे राहण्याला, आणि तसे उभे राहणाऱ्याला, रूढ असा स्वतंत्र शब्द नाही. येथे सोयीसाठी त्याला 'गळकरी' म्हटले आहे. सॅमनलाही मराठी नाव नाही. आपल्याकडच्या रावसाला इंग्रजी बोलणारे 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्या दोन माशांचे नाते केवळ नावापुरते आणि फार तर भोजनापुरते. युरोपातील सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्माच्या नदीत परततो. ही परतीची वाट त्याला गंधाच्या स्मृतीतून सापडते, हे अनुमान १९५०च्या दशकात आर्थर हॅसलर याने मांडले आणि पुढील संशोधनाने त्याला मोठे बळ दिले. अंडी घातल्यावर बहुतेक मासे मरतात, थोडे पुन्हा समुद्राला मिळतात. हंगाम शरदात बंद होतो तो यासाठी : त्यानंतरची नदी ही प्रसूतीची आणि मृत्यूची जागा असते.

विनोदाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही. परतीचा सारा प्रवास तो अंगच्या चरबीवर करतो. पिसे आणि रेशमाचा दोरा यांची बनावट माशी त्याच्यापुढे नाचवणारा गळकरी, म्हणजे उपवास करणाऱ्यापुढे खोटे पक्वान्न मांडून ताटकळत बसलेला यजमान होय. तरीही मासा कधी कधी गळाला लागतो. का लागतो, याची उत्तरे अनेक आहेत — राग, जुनी सवय, कुतूहल — पण सर्वमान्य असे एकही नाही. म्हणजे या खेळात यशाचे कारण यशस्वी माणसालाही सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक गळकऱ्याकडे एक सिद्धान्त असतो आणि त्याचा खरेपणा तपासण्याचा मार्ग कोणाकडेच नसतो. गळकऱ्यांच्या विनोदाचे मूळ या ज्ञानशास्त्रीय पेचात आहे. थापा मारण्याची त्यांची प्रसिद्ध खोड नंतरची.

थापेलाही काळ लागतो. मासा हातात असताना त्याचे वजन वाढवता येत नाही; तो खाल्ला गेल्यावर किंवा निसटल्यावरच तो वाढू लागतो. म्हणून गळाची गोष्ट ही स्वभावतःच बंद हंगामातील गोष्ट असते. तिचे स्थळ नदी नसून सरायीतील शेकोटी असते, आणि तिचा काळ 'त्या वर्षी' या दोन शब्दांत मावतो. जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) या पुस्तकाच्या सतराव्या प्रकरणात या संरचनेचे सर्वांत स्वच्छ रूप दिसते. तेथे एक सचोटीचा तरुण आहे. आपण पकडलेल्या माशांचा आकडा पंचवीस टक्क्यांहून अधिक फुगवायचा नाही, असा त्याचा नेम. पण मासे इतके थोडे मिळतात की टक्केवारीने पोट भरत नाही, आणि नेम वाढत वाढत अखेर प्रत्येक मासा दहा मोजावा व आरंभालाच दहा जमा धरावेत येथवर येतो. याच प्रकरणात नदीकाठच्या एका सरायीत काचेच्या पेटीत ठेवलेला एक प्रचंड ट्राउट आहे. येणारा प्रत्येक जण तो आपणच धरल्याचे सांगतो, प्रत्येकाचे वजन वेगळे, प्रत्येकाचे आमिष वेगळे. शेवटी जॉर्ज खुर्चीवर चढून पेटी धरायला जातो, पेटी पडते आणि माशाच्या ठिकऱ्या होतात. मासा प्लास्टरचा असतो.

हा प्रसंग साधारणपणे 'गळकरी खोटे बोलतात' या मुद्द्याचा दाखला म्हणून सांगितला जातो. पण तेवढ्याने त्याचे वाचन पुरे होत नाही. येथे खोट्याला पाठिंबा देणारी वस्तूही खोटी निघते, आणि तरीही तिच्याभोवती गोळा झालेला समाज मात्र खरा असतो. ती पेटी नसती तर ही माणसे एकमेकांशी काय बोलली असती हा प्रश्नच आहे. मासा हे येथे निमित्तदेखील नव्हे. तो एक रिकामे चिन्ह आहे, आणि रिकामे आहे म्हणूनच त्यात प्रत्येकाला आपला भूतकाळ भरता येतो.

याच पुस्तकातील आठव्या प्रकरणाशी हा प्रसंग जोडून वाचला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तेथे एका मेजवानीत जर्मन प्राध्यापक गायला बसतो. जर्मनीत शिकून आलेले दोन तरुण सर्वांना पढवून ठेवतात की हे गाणे अतिशय विनोदी आहे, आणि गाणाऱ्याच्या गंभीर मुद्रेतच त्याची गंमत आहे. मंडळी प्रत्येक ओळीला खो खो हसतात. गाणे वस्तुतः अत्यंत शोकात्म असते. प्लास्टरला मासा समजणे आणि शोकगीताला विनोदगीत समजणे, या दोन चुका एकाच जातीच्या आहेत : दोन्हीकडे समूहाची खात्री वस्तूला झाकून टाकते. जेरोमला हे साम्य अभिप्रेत होते असे म्हणण्यास आधार नाही. पुस्तकाची वीण मुद्दाम सैल आहे. परंतु संहितेत ते आहे. आणि त्याची एक दुसरी बाजू जेरोमच्या हसणाऱ्या वाचकाला दिसत नाही. ज्या थेम्सवर ही सराय आहे, त्या थेम्समधून सॅमन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नाहीसा झाला होता. बंधारे, कारखाने आणि लंडनचा मैला यांनी त्याची वाट बंद केली होती. १८८९च्या वाचकाने ज्या नदीकाठी प्लास्टरच्या माशाला हसून घेतले, त्या नदीचा राजा तेव्हा मरून दोन पिढ्या झाल्या होत्या. शोकगीत चालूच होते; मंडळी हसत होती.

राजा हा शब्द आयझॅक वॉल्टनचा. 'द कम्प्लीट अँगलर' (१६५३) मध्ये तो सॅमनला गोड्या पाण्यातील माशांचा राजा म्हणतो, आणि उत्तरेकडचे सॅमन कितीही मोठे व पुष्ट असले तरी चवीत थेम्सच्या सॅमनची बरोबरी करणारा दुसरा नाही, असा निर्वाळाही देतो. सॅमनच्या पिल्लांच्या शेपटीला फीत बांधून ती त्याच ठिकाणी परत येतात की नाही हे पाहिल्याची हकिगतही त्याने नोंदवली आहे. वॉल्टनचे पुस्तक उपयुक्त माहितीचे म्हणून विकले गेले, पण ते टिकले वेगळ्याच कारणाने. नॉर्थ्रप फ्राय 'अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम' (१९५७) मध्ये त्याची गणना 'अ‍ॅनाटमी' या प्रकारात करतो : संवादाची घडण, गद्यात मिसळलेली पद्ये, खाण्यापिण्याची आवड आणि सौम्य उपरोध ही त्याची लक्षणे. फ्रायचे वर्गीकरण नेमके आहे. पण ती पद्ये तेथे कशासाठी आहेत हे वर्गीकरणाने कळत नाही.

वॉल्टनच्या पुस्तकात माणसे सारखी गातात. गवळणीची पोर मार्लोचे गीत गाते, तिची आई त्याला रॅलीने दिलेले उत्तर गाते. दोन्ही गीते वॉल्टनच्या काळी पन्नास वर्षांची जुनी होती, आणि हे जुनेपण तो मुद्दाम सांगतो. सध्याच्या चिकित्सक काळात चलती असलेल्या जोरकस कवितेपेक्षा हे जुन्या वळणाचे काव्य चांगले, असे त्याचा नायक म्हणतो. (हे लिहिणाऱ्यानेच त्या जोरकस कवितेचा अग्रणी जो जॉन डन, त्याचे चरित्र १६४० मध्ये लिहिले होते, अभिरुची आणि निष्ठा यांची अशी फारकत विरळा नाही.) पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत हेन्री लॉझने दोन आवाजांसाठी बांधलेले एक गीत स्वरलेखनासह छापले आहे. त्याची एक बाजू सरळ व समोरच्या पानावरची दुसरी उलटी छापली आहे. पुस्तक मेजावर उघडे ठेवून समोरासमोर बसलेल्या दोघांना ते एकदम गाता यावे, अशी ही योजना.

हा लॉझ पहिल्या चार्ल्सच्या दरबारचा संगीतकार होता. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, दरबार उठला. त्याआधीच नाट्यगृहांना टाळे लागले होते, बिशपांची सत्ता रद्द झाली होती. वॉल्टन पराभूत पक्षाचा. १६५३ मध्ये जुने गीत गाणे म्हणजे नुसता मनाचा विरंगुळा नव्हता. जे सार्वजनिकरीत्या बोलता येत नव्हते ते सरायीच्या मेजावर दोन आवाजांत टिकवून धरणे होते. मराठीत 'नॉस्टॅल्जिया'साठी दोन शब्द चालतात, स्मरणरंजन आणि गतकातरता. त्यांतला फरक येथे उपयोगी पडतो. गतकातर माणसाला भूतकाळ परत हवा असतो. स्मरणरंजनात रमणाऱ्याला त्याची आठवणच पुरते. वॉल्टनची बाह्य मुद्रा स्मरणरंजनाची आहे, आतली वृत्ती गतकातरतेची आहे, आणि या दोहोंच्या तणावामुळे त्याचे गद्य गोड असूनही गुळमट होत नाही.

नॉस्टॅल्जिया हा शब्दही संगीताला चिकटूनच वाढला. १६८८ मध्ये योहान्नेस होफर याने बाझलच्या विद्यापीठातील प्रबंधात तो एका रोगाचे नाव म्हणून घडवला : 'परत येणे' आणि 'दुःख' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. मायदेशाबाहेर राहणारे स्विस लोक या रोगाचे पहिले रुग्ण. पुढे रूसोने आपल्या संगीतकोशात (१७६८) नोंदवले की गुराख्यांची विशिष्ट धून वाजवण्यास स्विस पलटणींमध्ये देहदंडाच्या शिक्षेची बंदी होती, कारण ती ऐकताच शिपाई रडत, पळून जात किंवा प्राण सोडीत. त्या धुनीत स्वतःचे असे काही सामर्थ्य नसून ती केवळ स्मृतिचिन्ह म्हणून काम करते, ही त्याची पुस्ती अधिक महत्त्वाची. या व्याख्येने पाहिले तर सॅमन हा प्राणिसृष्टीतला शब्दशः नॉस्टॅल्जिक जीव आहे. गळकऱ्याने आपल्या स्मृतिगीतांसाठी हाच मासा निवडावा यात औचित्य आहे, तसा क्रूर विनोदही आहे : घरी परतण्याच्या ओढीने जो येतो त्यालाच वाटेत गाठणे हा या खेळाचा नियम, आणि नंतर शेकोटीपाशी बसून स्वतःच्या परतीची गाणी म्हणणे हा त्याचा उत्तररंग.

एकोणिसाव्या शतकात ही गाणी एक संस्थाच बनली. टॉमस टॉड स्टॉडर्ट (१८१०–१८८०) याने ट्वीड नदीकाठच्या केल्सो गावी आयुष्य काढले आणि गळावर गीते लिहिली. सेंट मेरीज लॉखच्या काठी टिबी शील या बाईच्या सरायीत जेम्स हॉग, जॉन विल्सन आणि हा स्टॉडर्ट अशी मंडळी जमत. जुना स्नेही, आता न्यायाधीश झालेला, त्याला सध्या काय करतोस असे विचारता झाला, तेव्हा आपण गळकरी आहोत एवढेच उत्तर त्याने काहीशा आश्चर्याने दिले, अशी आख्यायिका आहे. स्टॉडर्टची गीते आज वाचवत नाहीत. त्यांतील उत्साह एकसुरी आहे आणि निसर्ग छापील. पण त्याच्या १८६६च्या पुस्तकाची घडण पाहण्याजोगी आहे : नदीकाठच्या भटकंतीचे गद्य आणि गीते तेथे एकत्र बांधलेली आहेत. म्हणजे गाणे येथे स्वतंत्र कृती नाही, आठवणीची पुरवणी आहे. ज्या मंडळींनी ते एकत्र म्हटले त्यांच्याविना ते अपुरे राहते, आणि हे अपुरेपणच त्याला स्मरणरंजनाचे साधन बनवते.

येथे रेमंड विल्यम्सची आठवण अपरिहार्य आहे. 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) मध्ये त्याने दाखवले की इंग्रजी साहित्यातील प्रत्येक पिढी खेड्यातला सुवर्णकाळ आपल्या नुकता मागे टाकते. मागच्या पिढीकडे जावे तर तीही आणखी मागे बोट दाखवते. आणि प्रत्येक वेळी विचारायला हवे की तो कोणाचा सुवर्णकाळ होता. स्कॉटलंडमध्ये सॅमन पकडण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी काढता येणारी, वारसाहक्काने जाणारी मालमत्ता आहे. नदी दारावरून वाहते म्हणून शेतकऱ्याला तिच्यातला सॅमन धरता येत नाही. त्याच्यासाठी हंगाम बाराही महिने बंदच. नील गनच्या 'हायलँड रिव्हर' (१९३७) या कादंबरीच्या आरंभी केन हा नऊ वर्षांचा मुलगा थंडीत पहाटे पाणी आणायला जातो, आणि त्याची गाठ एका प्रचंड सॅमनशी पडते. काठी नाही, रीळ नाही, बनावट माशी नाही. दगड आणि दोन हात. हे सारे प्रकरण भीतीने भारलेले आहे, आणि ती भीती माशाची तशीच पहारेकऱ्याचीही आहे. जॉन बुकनच्या 'जॉन मॅकनॅब' (१९२५) मध्ये एक नामांकित वकील, एक बँकर आणि एक मंत्री कंटाळा घालवण्यासाठी पैज लावून सॅमनची चोरटी शिकार करतात आणि ती कथा प्रसन्न विनोदाची होते. बारा वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन पुस्तकांत कृती एकच आहे. ती एकीकडे खेळ ठरते आणि दुसरीकडे गुन्हा, हा भेद वाङ्मयप्रकाराचा नसून मालकीचा आहे. गळाच्या विनोदाला लागणारी सुरक्षितता कोणाला परवडते, हे गन न सांगता सांगतो. त्याच्या कादंबरीत स्मृती आहे, किंबहुना ती सारी स्मृतीच आहे : मोठा झालेला, महायुद्ध पाहून आलेला केन नदीच्या उगमाकडे चालत जातो. पण तिच्यात सरायीतले गाणे नाही. जो मासा लपवून घरी आणायचा त्याची गाणी मोठ्याने म्हणता येत नाहीत.

अटलांटिकपलीकडचे नॉर्मन मॅक्लीन यांचे 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९७६) येथे फक्त एका तपशिलासाठी घ्यायचे. ते सॅमनचे नसून माँटानातील ट्राउटचे पुस्तक आहे. त्यात धर्मोपदेशक बाप मुलांना काठी फेकायला शिकवतो तो मेट्रोनोमच्या ठोक्यावर, चार मात्रांत. वॉल्टनपाशी संगीत शिकारीनंतर येते. येथे ते मनगटात उतरलेले आहे. धाकटा भाऊ मारला जातो, पण ती लय वृद्ध निवेदकाच्या हातात शिल्लक राहते. स्मृती ऐकण्याची न राहता देहाची होणे, ही स्मरणरंजनाची बहुधा सर्वांत संयत अवस्था होय.

टेड ह्यूजच्या 'रिव्हर' (१९८३) या संग्रहात मात्र आतापर्यंतचा सारा संकेत उलटा होतो. ह्यूज हाडाचा गळकरी; डेव्हनमधील नद्यांवर त्याचे आयुष्य गेले आणि त्या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध तो आवाजही उठवीत राहिला. संग्रहाची पहिली कविता नाताळाच्या आदल्या सकाळची आहे : माणसे सॅमनची अंडी उबवणीसाठी काढून घेत आहेत. शेवटची कविता त्याच अंड्यांविषयी आहे. म्हणजे संग्रहाचे दोन्ही काठ बंद हंगामात आहेत. गळ टाकण्याच्या कविता मध्ये आहेत, पण पुस्तकाला आकार देणारा काळ काठी घरात असतानाचा आहे. गळाच्या साहित्यात बंद हंगाम हा आजवर बोलण्याचा काळ होता. ह्यूजने तो पाहण्याचा काळ केला.

'ऑक्टोबर सॅमन' ही या संग्रहातील कविता हंगामाच्या अखेरीविषयीच्या साऱ्या परंपरेला दिलेले उत्तर आहे. समुद्रातील दीर्घ प्रवास करून आलेला नर मासा उथळ पाण्यात मरणाची वाट पाहत पडला आहे. भोवती सायकलींची चाके, मोटारींचे टायर, बाटल्या. बहुधा याच डोहात तो जन्मला होता. पोरांनी पाहिले तर ती त्याला मारू पाहतील. निवेदकाच्या हातात काठी नाही, आणि असती तरी उपयोग नसता. या कवितेत एक प्रतिमा अशी आहे की तिच्यापाशी थांबावे लागते : मृत्यूने या माशाला विदूषकी लष्करी गणवेश चढवला आहे, बिल्ले आणि पदके लावली आहेत. अंडी घालण्याच्या काळात नर सॅमनचा रंग खरोखर पालटतो, लाल-तपकिरी डाग उमटतात, खालचा जबडा आकड्यासारखा वळतो, पुढे बुरशीचे पांढरे चट्टे पडतात. ह्यूज निरीक्षण सोडत नाही. पण 'विदूषकी' या सूचनेने तो गळाच्या विनोदाची सारी मांडणी फिरवतो. या परंपरेत विदूषक नेहमी गळकरी असायचा : न खाणाऱ्याला खाऊ घालणारा, थापा मारणारा, पाण्यात पडणारा. मासा त्या हास्याच्या बाहेर, गंभीर आणि राजस. ह्यूजने टोपी माशाच्या डोक्यावर ठेवली, आणि ठेवताच हसू थिजते. हास्याचा विभाव तोच राहून रस पालटण्याचे असे उदाहरण आधुनिक कवितेत सहसा आढळत नाही. विसंगत वेष हा भरतापासून हास्याचा विभाव मानला गेला आहे. येथे तोच वेष करुणाला वाहतो, कारण तो चढवणारा हात नटाचा नाही.

या कवितेत गाणे नाही, आणि जुन्या दिवसांची वाखाणणीही नाही. माशाचे वैभव कवी आठवतो, पण ते माशाचे आहे, कवीच्या तारुण्याचे नाही. स्मरणरंजनात आठवणाऱ्याचा 'मी' केंद्रस्थानी असतो. वॉल्टनपासून स्टॉडर्टपर्यंत नदी ही माणसांच्या स्नेहाची पार्श्वभूमी होती. ह्यूज ते केंद्र हलवतो. काही समीक्षकांना त्याच्या या कवितांत निसर्गाचे मिथकीकरण दिसते आणि ते निराधार नाही; कवितेच्या अखेरीकडे मरणाऱ्या माशाला जे वीराचे तेज येते त्यात कवीचा जुना सोस डोकावतो. टायर आणि बाटल्या मात्र मिथकात विरघळत नाहीत. त्या तेथे टाकणारी माणसे आहेत, वाचकही त्यांपैकीच एक.

प्रश्न उरतो तो गृहीताचा. अखेरीच्या सायंकाळी थट्टा करता येते, जुने गाणे म्हणता येते, कारण हंगाम पुन्हा उघडणार असतो आणि मासे पुन्हा येणार असतात. या हमीवर साडेतीन शतकांचे साहित्य उभे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने अटलांटिक सॅमनला 'संकटसमीप' वर्गात टाकले. २००६ ते २०२० या काळात त्याची जागतिक संख्या सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे तिचे अनुमान आहे, आणि ग्रेट ब्रिटनमधील सॅमन तर 'संकटग्रस्त' ठरला आहे. तापणारे समुद्र, बंधारे, दूषित पाणी, मत्स्यशेतीतून येणाऱ्या उवा, अशी कारणे अनेक. हंगाम ठरल्या तारखेला उघडतोच. बॅगपाइप वाजतात, व्हिस्की ओतली जाते. स्कॉटलंडमध्ये अलीकडे काठीने पकडलेल्या सॅमनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मासे पुन्हा पाण्यात सोडले जातात. अशा माशाला तराजूत घालून ताटकळवणे बरे नव्हे, म्हणून त्याची लांबी मोजून वजनाचा अंदाज बांधतात आणि तोच नोंदवहीत चढतो. जेरोमच्या सचोटीच्या तरुणाला अखेर अधिकृत रकाना मिळाला आहे. सोडलेल्या माशाच्या मापावरून त्याची हुबेहूब प्रतिकृती करवून भिंतीवर लावण्याचीही सोय आहे. एकेकाळी प्लास्टरचा मासा म्हणजे थापेचा पुरावा होता. आता तो खरा मासा जिवंत सुटल्याचा पुरावा असू शकतो. विनोदाचे साहित्य तेच आहे, त्याचा नैतिक भार उलटला आहे.

या उलटापालटीला एक पूर्वरंग आहे. ब्रिटनमध्ये काठीने पकडलेल्या सर्वांत मोठ्या सॅमनचा विक्रम अजून जॉर्जिना बॅलंटाइन हिच्या नावावर आहे. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी, हंगाम संपायला आठवडा उरला असताना, टे नदीवर ग्लेनडेल्व्हिनच्या पाण्यात तिने ६४ पौंडांचा मासा धरला. दोन तासांहून अधिक वेळ ती झुंजत होती, वडील नाव सांभाळत होते, आणि मासा काठावर आला तेव्हा काळोख पडला होता. पुढे तो पर्थच्या एका दुकानाच्या काचेआड मांडला गेला तेव्हा गर्दीत उभी राहून तिने दोन म्हाताऱ्यांचे बोलणे ऐकले, असे ती सांगत असे. बाईमाणसाने असला मासा धरणे शक्य नाही, ही निव्वळ थाप आहे, असे त्यांचे ठाम मत पडले. तिने आपली ओळख दिली नाही. मासा पर्थच्या इस्पितळात गेला आणि तेथील रुग्णांनी व नोकरवर्गाने खाल्ला. त्याच्यावरून आधीच साचा घेतलेला होता. उरला आहे तो ठसा, प्लास्टरचा.